कोळसा होता तेव्हाच माणसं गेली

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की पत्रकारांच्या गाड्या पश्चिम व्हर्जिनिया राज्याच्या मॅकडॉवेल काउंटीतल्या वेल्च या गावाकडे वळतात. बंद दुकानांच्या काचा, गंजलेले कन्व्हेअर, ओसरीत ऑक्सिजनची नळी लावून बसलेला म्हातारा खाणकामगार, एवढं टिपून परत जातात. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पर्यावरणवाल्यांनी कोळसा मारला. तो परत आणा, मॅकडॉवेल काउंटी आपोआप उभी राहील. दुसरी म्हणते, कोळशाचे दिवस सरले, मग हे लोक गाशा गुंडाळून दुसरीकडे का जात नाहीत? सरकारच्या पैशावर जगतात आणि मत देतात ते नेमकं ती मदत कापायला निघालेल्यांना. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी फराळाच्या ताटावर बहुधा या दुसऱ्या बाजूने बोलतात. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला ‘काम नसेल तर गाव सोड’ हा सल्ला अगदी साधा वाटतो, आणि तो देताना आवाजात थोडी शेखीही येते.

दोन्ही बाजूंचं भांडण कितीही जोरात चालो, एका गृहीतावर त्यांचं एकमत आहे: कोळसा गेला म्हणून माणसं गेली. हे गृहीतच खोटं आहे. मॅकडॉवेल रिकामी झाली ती कोळसा निघत असताना, रेल्वेच्या वाघिणी भरून बाहेर जात असताना. आणि ती इतकी कंगाल होऊन रिकामी झाली याचं मुख्य कारण जमीन कोणाच्या नावावर होती यात आहे, मजुरांच्या आळसात किंवा वॉशिंग्टनच्या नियमांत नाही. हे एकदा मान्य केलं की ‘कोळसा परत आणा’ आणि ‘माणसं हलवा’ हे दोन्ही उपाय सारखेच पोकळ दिसू लागतात.

आधी जागेची ओळख. अमेरिकेत ३,१०० हून जास्त काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं आपण सोयीसाठी म्हणतो, पण आकाराने मॅकडॉवेल आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच, जवळपास १,४०० चौरस किलोमीटर. कारभार मात्र स्वतःचा: शेरीफ, जमिनीचं मूल्यांकन करणारा अधिकारी, दस्त सांभाळणारा क्लार्क, सगळे लोकांनी निवडलेले. राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला ही काउंटी आहे. डोंगर फार उंच नाहीत, पण इतके दाटीने उभे की सपाट जमीन शोधावी लागते. टग फोर्क आणि एल्कहॉर्न या ओढ्यांनी कापलेल्या चिंचोळ्या घळींमध्ये एका रांगेत रेल्वे, रस्ता, ओढा आणि घरं कशीबशी बसवलेली. स्थानिक लोक अशा घळीला ‘हॉलर’ म्हणतात. पाऊस जोरात झाला की चौघांपैकी ओढाच जिंकतो. २००१ आणि २००२ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत मोठे पूर आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा.

आता लोकसंख्या. काउंटी १८५८ मध्ये स्थापन झाली तेव्हा हा भाग व्हर्जिनियातच होता. यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर, १८६३ साली, पश्चिम व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. १८८० च्या जनगणनेत इथे ३,०७४ माणसं होती. १९०० मध्ये १८,७४७. १९२० मध्ये ६८,५७१. १९५० मध्ये ९८,८८७, हा शिखरबिंदू. तिथून उतरण: १९६० मध्ये ७१,३५९, १९७० मध्ये ५०,६६६, १९९० मध्ये ३५,२३३, आणि २०२० मध्ये १९,१११. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जितकी वस्ती होती जवळपास तितक्यावर गाडी परत आली. या २०२० च्या आकड्यातही एक गोम आहे. वेल्चजवळ डोंगरमाथ्यावर केंद्र सरकारचा तुरुंग आहे, खुद्द वेल्चमध्ये जुन्या इस्पितळाच्या इमारतीत राज्याचा एक आहे, आणि अमेरिकेची जनगणना कैद्याला तुरुंगाच्या गावचा रहिवासी धरते.

१८८० ते १९०० या वीस वर्षांत लोकसंख्या सहापट झाली ती कशाने? पोकाहॉन्टस नावाच्या कोळशाच्या थराने. धूर कमी, उष्णता जास्त, आणि पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा कोक बनवायला उत्तम. १८८० च्या दशकाच्या शेवटी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे बोगदा खोदून एल्कहॉर्नच्या घळीत शिरली. पण रेल्वेच्या आधी आणखी कोणी तरी येऊन गेलं होतं, आणि माझ्या मते या काउंटीचा इतिहास तिथेच ठरला. फिलाडेल्फियाच्या भांडवलदारांचे जमीन-दलाल घळीघळींतून फिरून गेले. डोंगरी शेतकऱ्याला उतारावरच्या रानाचे रोख पैसे मिळाले तेव्हा त्याला तो सौदा फायद्याचाच वाटला असणार. मका तर तिथे फारसा पिकत नव्हता. खाली काय आहे हे विकत घेणाऱ्याला ठाऊक होतं, विकणाऱ्याला नव्हतं. आवळा देऊन कोहळा काढणं याहून शुद्ध स्वरूपात क्वचितच झालं असेल. लाखो एकर अशी गोळा झाली, १९०१ मध्ये ती रेल्वेच्या हातात आली, आणि रेल्वेची उपकंपनी ती जमीन खाणमालकांना भाडेपट्ट्याने देत राहिली. १९०२ पासून यू. एस. स्टील या बलाढ्य पोलाद कंपनीने आपल्या भट्ट्यांसाठी इथे स्वतःचं गाव वसवायला घेतलं आणि त्याला आपल्या अध्यक्षाचं, एल्बर्ट गॅरीचं, नाव दिलं. पहिली टनभर वाघीण भरण्याआधीच मॅकडॉवेलचा मालक मॅकडॉवेलबाहेर राहत होता.

मजूर मात्र आले आणि राहिले. हंगेरीचे, इटलीचे, पोलंडचे; आणि व्हर्जिनिया, अलाबामा, कॅरोलायनांतून आलेले कृष्णवर्णीय. दक्षिणेत ज्या काळात कृष्णवर्णीयांचा मताधिकार एकामागून एक कायद्यांनी काढून घेतला जात होता, त्या काळात पश्चिम व्हर्जिनियात तो शाबूत होता. त्यामुळे किस्टोन, किंबॉल, नॉर्थफोर्क या गावांत कृष्णवर्णीय वकील, डॉक्टर, नगरसेवक, संपादक दिसत. किस्टोनहून निघणारं ‘मॅकडॉवेल टाइम्स’ आपल्या काउंटीला अभिमानाने ‘मुक्त राज्य’ म्हणे. १९२८ मध्ये मिनी बकिंगहॅम हार्पर इथूनच राज्याच्या विधानसभेत गेल्या. पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांची नेमणूक झाली, आणि अमेरिकेच्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी किंबॉलमध्ये पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. ‘गोऱ्या, अडाणी, दारिद्र्याने चिडलेल्या डोंगरी लोकांचा मुलूख’ असं जे चित्र निवडणुकीच्या बातम्यांत दिसतं, त्यात हा सगळा इतिहास कुठेच नसतो. काय करणार, ओसरीवरच्या म्हाताऱ्याचा फोटो आधीच ठरलेला असतो.

स्वातंत्र्य मतपेटीपुरतं होतं, खाणीपुरतं नव्हतं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगाराचा काही भाग कंपनीच्याच नाण्यांत. कामगार संघटनेचं नाव काढलं की सामान रस्त्यावर. १ ऑगस्ट १९२१ रोजी शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवानचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड, जो खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला होता, वेल्चच्या कोर्टात एका खटल्यासाठी आला. सोबत एड चेंबर्स हा साथीदार आणि दोघांच्या बायका. कोर्टाच्या पायऱ्यांवरच खाणमालकांनी पोसलेल्या खाजगी गुप्तहेरांनी दोघा निःशस्त्र माणसांना गोळ्या घातल्या. महिन्याभरात सुमारे दहा हजार खाणकामगार हत्यारं घेऊन लोगन काउंटीतल्या ब्लेअर माउंटनवर चालून गेले आणि त्यांना थांबवायला केंद्राचं सैन्य बोलवावं लागलं. ‘या लोकांनी आपल्या परिस्थितीविरुद्ध कधी काही केलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आता पहिल्या बाजूकडे येऊ. पर्यावरणाच्या कायद्यांनी कोळसा मारला आणि काउंटी ओस पडली, असा त्यांचा दावा. तारखा तपासा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था डिसेंबर १९७० मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलची जनगणना सांगते की वीस वर्षांत मॅकडॉवेलने ४८,००० माणसं गमावली होती, जवळजवळ दर दोघांतला एक. ज्या संस्थेचा जन्मच झाला नव्हता तिने ही माणसं कशी हाकलली? खरा बदल झाला तो १९५० च्या करारात. कामगार संघटनेचे नेते जॉन एल. लुइस यांनी खाणमालकांशी व्यवहार केला: तुम्ही यंत्रं आणा, आम्ही आडवं येणार नाही, त्या बदल्यात टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीत टाका. लुइस यांचा हिशेब असा की थोडे, पण चांगल्या पगाराचे आणि सुरक्षित कामगार असलेले बरे. भुयारात सलग कोळसा खरवडत जाणारं यंत्र नुकतंच आलं होतं. डझनभर माणसांचं काम ते करी. १९४७ मध्ये पश्चिम व्हर्जिनिया राज्याने १७ कोटी टनांहून जास्त कोळसा काढला तेव्हा खाणींत एक लाख पंधरा हजारांवर माणसं होती. बरोबर पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, राज्याने १८ कोटी टनांचा टप्पा ओलांडला, आणि कामगार उरले होते वीस हजारांच्या आत. कोळसा वाढला, माणसं पाचपटीहून जास्त कमी झाली.

या बाजूचे काही मुद्दे खरे आहेत आणि ते झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. १९५० च्या दशकात मागणीही घटली होती. घरं तेलावर आणि गॅसवर तापू लागली, रेल्वे डिझेलवर गेल्या. खुद्द नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफेची इंजिनं सगळ्यांत शेवटी सोडणारी मोठी रेल्वे, पण १९६० मध्ये तिनेही ती सोडली. १९८० च्या दशकात अमेरिकेचं पोलाद गडगडलं, यू. एस. स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या आणि त्या दहा वर्षांत आणखी साडेचौदा हजार माणसं गेली. शिवाय पुढच्या काळात वीजकेंद्रांवरच्या नियमांनी आणि स्वस्त नैसर्गिक वायूने आसपासच्या काउंट्यांतल्या खाणी खरोखर बंद पाडल्या. ज्याची नोकरी गेली त्याला १९५० चा करार सांगून उपयोग नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण मॅकडॉवेलचा कोळसा मुख्यतः पोलादाचा, विजेचा नव्हे. आणि समजा उद्या मागणी दुप्पट झाली, तरी काय होईल? पुन्हा एक लाख माणसं येतील? तितकी यंत्रं येतील, दोन-तीनशे चालक येतील, त्यांतले काही रोज शेजारच्या काउंटीतून गाडीने ये-जा करतील. ‘कोळसा परत आणा’ म्हणणारा माणूस मनातल्या मनात १९४० सालचं फावडं परत मागतोय. ते कोणीच देणार नाही, खाणमालक तर मुळीच नाही. आणि ते मागण्याजोगं होतं का? १० जानेवारी १९४० रोजी याच काउंटीत बार्टलीच्या खाणीत स्फोट होऊन ९१ माणसं मेली.

यंत्रं आल्यावर काय झालं हे देशाने १९६० मध्ये पाहिलं. जॉन केनेडी उमेदवारीच्या प्राथमिक फेरीसाठी या राज्यात फिरले आणि भुकेल्या घरांतून बाहेर पडले. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी अन्नमदतीचा प्रयोग सुरू केला, आणि २९ मे १९६१ रोजी नव्या योजनेतली पहिली फूड स्टॅम्प वेल्चमध्ये दिली गेली, तेरा मुलांच्या एका कुटुंबाला. देशाच्या कृषिमंत्र्यांनी स्वतः येऊन ती दिली. बाहेर कोळशाच्या गाड्या नेहमीसारख्या चालल्याच असतील.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे, कारण तिचा युक्तिवाद जास्त चांगला आहे. तो असा: ही वस्ती कोळशाने आणली. १८८० मध्ये तीन हजार माणसं होती, कारण तो डोंगर तीन हजारांनाच पोसू शकत होता. बाकीची कामासाठी आली, काम संपल्यावर त्यांनी जावं. सोन्याच्या खाणींची गावं ओस पडलीच की. दक्षिणेत कापूस वेचणारं यंत्र आलं तेव्हा लाखो कृष्णवर्णीय शिकागो आणि डेट्रॉइटला गेले आणि त्यांच्या मुलांचं भलं झालं. सरकार जितकी मदत देईल तितकी माणसं अडकून राहतील. २०१६ मध्ये एका पुराणमतवादी नियतकालिकात तर एका लेखकाने अशा वस्त्या मरायच्याच लायकीच्या आहेत, लोकांना सामान वाहायचा ट्रक हवा आहे, अशा अर्थाचं लिहिलं. भाषा कठोर, पण पुष्कळ भल्या माणसांच्या मनात तेच असतं. आणि यातला एक भाग मला मान्य आहे: इथून गेलेल्यांपैकी बहुतेकांचं बरं झालं. कोलवुड या खाणगावात रॉकेट उडवणारा एक शाळकरी पोरगा पुढे नासात इंजिनिअर झाला. तो खाणीत उतरला असता तर देशाचं काय भलं होणार होतं?

पण ‘ते जात का नाहीत’ हा प्रश्न विचारणाऱ्याने जनगणना वाचलेली नसते. ते गेले! पाचांतले चार गेले. अ‍ॅक्रन, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पुढे शार्लट. या वाटेला ‘हिलबिली हायवे’ असं नावच पडलं. अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या स्थलांतरांत या डोंगराळ प्रदेशाचं स्थलांतर मोजलं जातं. आणि मॅकडॉवेलची कृष्णवर्णीय कुटुंबं तर सगळ्यांत आधी गेली, कारण यंत्र आल्यावर आधी काढलं ते त्यांनाच. मागे उरले कोण? ज्यांची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरली आहेत ते. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, कारण मधली पिढी वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने नेली. २००७ ते २०१२ या सहा वर्षांत औषधवितरकांनी या एका राज्यात अशा गोळ्या ओतल्या त्या ७८ कोटी. आणि ज्यांचं घर आहे, पण ते कोणी विकत घेत नाही असे. शार्लटमध्ये महिन्याचं भाडं आणि अनामत भरायला जी रक्कम लागते ती वेल्चचं घर विकून येत नसेल, तर ट्रक कुठून येणार? जाऊ शकणारे गेल्यावर न जाऊ शकणाऱ्यांना ‘जात का नाही’ विचारणं म्हणजे दवाखान्यात उरलेल्या रुग्णांना ‘इतर सगळे बरे होऊन गेले, तुम्हीच का पडून आहात’ असं विचारणं.

इथे एक तुलना करतो, कारण ‘ग्रामीण अमेरिका ओस पडतेच आहे’ या एका वाक्यात सगळं गुंडाळलं जातं. कॅन्ससमधली ज्युएल काउंटी घ्या. १९०० मध्ये तिथे १९ हजारांवर माणसं होती. २०२० मध्ये तीन हजारांच्या आत. टक्केवारीने पाहिलं तर मॅकडॉवेलइतकीच, किंबहुना जास्तच घसरण. कारणही तेच, यंत्र: ट्रॅक्टर आणि कम्बाइन. पण तिथे निवडणुकीला कोणी कॅमेरा घेऊन जात नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथला मुलूख १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांच्या तुकड्यांत कसणाऱ्यांच्या नावावर झाला होता. गाव सोडणारा शेतकरी आपली जमीन शेजाऱ्याला विकून, हातात चार पैसे घेऊन निघाला. राहिलेल्याकडे जास्त जमीन आली. माणसं विरळ झाली, पण उरलेली उघडी पडली नाहीत. मॅकडॉवेलमधून निघालेल्या खाणकामगाराकडे विकायला काय होतं? पन्नासच्या दशकात कंपन्यांनी आपली जुनी लाकडी घरं कामगारांनाच विकली, खाली गंजलेल्या पाण्याच्या नळांसकट. घरामागचा डोंगर आणि घराखालचं खनिज मात्र स्वतःकडे ठेवलं. १९८१ मध्ये सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या जमिनीपैकी पृष्ठभागाची जवळपास तीन-चतुर्थांश आणि खनिज हक्कांची सुमारे चार-पंचमांश मालकी बाहेरच्यांकडे होती. २०१३ च्या आणखी एका पाहणीत मॅकडॉवेलचं नाव अशा मूठभर काउंट्यांत आलं जिथे खाजगी जमिनीपैकी निम्म्याहून अधिक फक्त दहा मालकांच्या हातात आहे. तीच माणसं, तेच शतक, तीच यंत्रं, आणि दोन काउंट्यांची दोन नशिबं. फरक सातबाऱ्याचा.

आणि हे कोणाला दिसलंच नव्हतं असंही नाही. १९५३ मध्ये, म्हणजे मॅकडॉवेलची लोकसंख्या शिखरावर असल्याला तीनच वर्षं झाली होती तेव्हा, विल्यम मार्लंड नावाच्या तरुण गव्हर्नरने सूत्रं हाती घेतली. पदावर बसताच त्याने विधिमंडळाला सांगितलं: राज्यातून निघणाऱ्या कोळशावर टनामागे दहा सेंट कर लावू आणि त्यातून शाळा आणि रस्ते बांधू. टनामागे दहा सेंट! वर्षाला १५ कोटी टन धरले तर दीड कोटी डॉलर. खाणमालक तुटून पडले, त्याच्याच पक्षाच्या आमदारांनी पाठ फिरवली, कर पडला. मार्लंडची कारकीर्दही त्यात संपली म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये एका वार्ताहराला तो शिकागोत टॅक्सी चालवताना सापडला. त्याच वर्षी तो वारला. मला या माणसाची गोष्ट फार लागते. अलास्काने १९७६ मध्ये तेलाच्या पैशातून कायमचा निधी उभा केला आणि त्याचा लाभांश आज तिथल्या जवळजवळ प्रत्येक रहिवाशाला मिळतो. वायोमिंगने त्याच सुमारास खनिजांतून निधी काढला. पश्चिम व्हर्जिनियाने अशा निधीचा कायदा केला २०१४ मध्ये, आणि अटी अशा घातल्या की तो वर्षानुवर्षं कोरडाच राहिला. म्हणजे सोन्याच्या खाणींच्या ओस गावांशी तुलना करताना हेही सांगायला हवं: संपत्ती संपून गाव मेलं तर तो निसर्ग, पण शंभर वर्षं संपत्ती निघत राहिली आणि गावात साधी पाण्याची पाइप उरली नाही, तर तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

‘सरकारच्या पैशावर जगतात’ हा आरोप आकड्याने खराच आहे. काउंटीच्या एकूण वैयक्तिक उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग सरकारी देयकांचा असतो. पण ती देयकं कसली? म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, ज्यासाठी या लोकांच्या पगारातून आयुष्यभर पैसे कापले गेले. अपंगत्वाचा भत्ता. आणि काळ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई, जी कोणी दया येऊन दिली नाही: १९६९ मध्ये चाळीस हजार खाणकामगारांनी काम बंद केलं तेव्हा कुठे हा आजार कायद्याने आजार ठरला. खाणीने माणूस वापरला आणि त्याच्या दुरुस्तीचं बिल सरकारने भरलं. यात मदत नेमकी कोणाला झाली? २०१० च्या आकडेवारीनुसार मॅकडॉवेलच्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षं होतं, आणि साडेपाचशे किलोमीटरवरच्या, वॉशिंग्टनला खेटून असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत ८२. अठरा वर्षांचा फरक. निवृत्तिवेतन घेण्याचं वय येईपर्यंत इथला सरासरी पुरुष जगतच नसेल, तर फुकट कोण खातंय याचा हिशेब एकदा मांडावा लागेल.

राहतो खर्चाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. एकोणीस हजार माणसं, शेकडो घळींत विखुरलेली. एका घळीतल्या वीस घरांना नळाचं पाणी द्यायचं तर माणशी येणारा खर्च शहराच्या कित्येक पट. चौपदरी रस्त्याची इथे कित्येक दशकं वाट पाहिली गेली; ‘कोलफील्ड्स एक्स्प्रेसवे’ दशकानुदशकं नकाशावर आणि तुकड्यातुकड्यांत बांधकामात आहे. किस्टोनच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यायलं, आणि रस्त्याकडेच्या झऱ्यावर कॅन भरायला थांबलेल्या गाड्या आजही दिसतात. २०१६ मध्ये किंबॉलचं वॉलमार्टही बंद झालं, तेव्हा ताज्या भाजीचं अंतर आणखी वाढलं. बाजाराचा हिशेब स्वच्छ आहे, इथे गुंतवणूक परवडत नाही. पण अमेरिकेने हा हिशेब प्रत्येक वेळी मानला आहे का? टपाल शेतकऱ्याच्या दारात न्यायचं तर परवडणार नाही असं म्हणत असतानाच १८९६ मध्ये ती सेवा सुरू झाली, आणि पहिल्या फेऱ्या याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चार्ल्स टाउनच्या परिसरात निघाल्या. १९३० च्या दशकात वीज कंपन्या म्हणत, शेतावर तारा न्यायला परवडत नाही. दहातल्या एका शेतावरच वीज होती. १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज मिळालं, आणि वीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक शेतात दिवा लागला. तेव्हा कोणी कॅन्ससच्या शेतकऱ्याला म्हटलं नाही की दिवा हवा असेल तर शिकागोला जा.

मॅकडॉवेल पुन्हा एक लाखाची होईल असं मी म्हणत नाही, आणि तसं सांगणाऱ्या पुढाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ती कदाचित पंधरा हजारांची होईल, बाराची होईल. लहान होणं हा गुन्हा नाही. पण लहान आणि ठीक असणारी काउंटी करायला जमीन लागते, आणि जमीन तर तिच्याकडे नाही. शिक्षक मिळत नाहीत, कारण भाड्याने घ्यायला घर नाही. शेवटी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेतला तेव्हा वेल्चमध्ये त्यांच्यासाठी इमारत उभी राहिली. पुरापासून उंचावर घरं हलवायची तर उंचावरची जमीन कंपनीची. डोंगरातल्या जुन्या खाणवाटांवर आता हॅटफिल्ड-मॅकॉय नावाने ओबडधोबड वाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्यांचे मार्ग केले आहेत, हजारो पर्यटक येतात, ही अलीकडच्या काळातली खरोखर चांगली गोष्ट. पण ते मार्गही बहुतांशी जमीनमालक कंपन्यांच्या परवानगीवर चालतात. न वापरलेल्या जमिनीवर खरा कर, बंद खाणींच्या जागा काउंटीकडे परत घेण्याचा कायदा, निघणाऱ्या खनिजाच्या कराचा मोठा वाटा राजधानीऐवजी घळीत ठेवणं: हे कंटाळवाणे विषय आहेत, म्हणून वादात येत नाहीत.

मतांविषयी एक शब्द, कारण शेखीचा सूर तिथेच सर्वांत वर जातो. २००८ मध्ये या काउंटीने ओबामांना निवडलं. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत डाव्या सँडर्सना पसंती दिली आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना चारांतली तीन मतं. यात विचारसरणी शोधणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की नोव्हेंबरची ती एकूण मतं होती किती? सहा हजारांच्या आसपास. प्रौढ माणसांतले बहुसंख्य घरीच बसले. ज्या पुढाऱ्याने ‘तुमच्याशी वाईट वागणूक झाली’ एवढं तरी म्हटलं त्याच्याकडे काही गेले, बाकीच्यांनी कोणावरच विश्वास ठेवला नाही. मार्लंडचं काय झालं हे पाहिलेल्यांच्या नातवंडांकडून आणखी कशाची अपेक्षा होती?

पुढची निवडणूक येईल, गाड्या पुन्हा वेल्चला जातील. बंद दुकानांचे फोटो काढून झाल्यावर वार्ताहरांनी कोर्टाच्या त्या पायऱ्या चढून आत जावं. हॅटफिल्डला जिथे गोळ्या घातल्या तीच ही इमारत. आत काउंटी क्लार्कचं दफ्तर आहे आणि त्यात जमिनीच्या खरेदीखतांच्या जाडजूड वह्या, कोणालाही उघडून पाहता येतील अशा. १८८० च्या दशकापासून सुरुवात करावी.